इंदुरातल्या बाल्कनीत भाजी आणि फुलं : रोप सगळ्यात शेवटी आणा

फेब्रुवारीत इंदूरच्या नर्सऱ्या वर्षातल्या सगळ्यात देखण्या दिसतात. पेटुनिया, डायान्थस, पॅन्सी फुलांनी लगडलेले असतात, राहवत नाही, आणि एकदम आठ-दहा कुंड्या घरी येतात. पण ही थंडीची हंगामी फुलझाडं. तुमच्या घरी येईपर्यंत त्यांचे दिवस भरत आलेले असतात. एप्रिलच्या झळा लागल्या की ती माना टाकतात आणि नवखा माणूस ठरवून मोकळा होतो की आपल्या हाताला गुण नाही.

चूक हाताची नसते, क्रमाची असते. आधी रोप येतं, मग त्याला कुंडी शोधली जाते, मग माती, आणि ऊन किती येतं हा प्रश्न पानं पिवळी पडल्यावर सुचतो. हे सगळं उलटं करायचं. खालचे टप्पे त्याच हिशेबाने लावले आहेत, म्हणून मधला एखादा गाळू नका.

## टप्पा १ : ऊन मोजा

"आमची बाल्कनी पूर्वेची आहे" एवढ्यावर भागत नाही. समोर दुसरी मल्टी, म्हणजे बहुमजली इमारत, उभी असेल तर पूर्वेचं ऊनही नऊ-साडेनऊपर्यंत तुमच्यापर्यंत पोचत नाही. सुटीच्या दिवशी सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत दर तासाला बघा आणि ऊन जिथे पडतं तिथे फरशीवर खडूने रेघ मारा. कठड्याची उंचीही बघा. कित्येक बाल्कन्यांत ऊन कठड्यावर येतं, पण खाली फरशीवर सावलीच राहते. तिथे कुंडी जमिनीवर ठेवण्यात अर्थ नाही, स्टँड लागेल.

पाच-सहा तास थेट ऊन मिळत असेल तर टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी, झेंडू, गुलाब जमतात. तीन-चार तास असेल तर मेथी, पालक, कोथिंबीर, पुदिना. त्याहून कमी असेल तर मनी प्लांट आणि शोभेची पानं लावा. तिथे टोमॅटोचा हट्ट धरलात तर वेल उंच वाढेल, फळ धरणार नाही.

दक्षिणेच्या बाल्कनीची गंमत लक्षात घ्या. इंदूर २२.७ अंश अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या जरा खाली आहे. डिसेंबरात दुपारचा सूर्य क्षितिजापासून साधारण ४४ अंशांवर असतो, त्यामुळे ऊन बाल्कनीत खोलवर शिरतं. जूनमध्ये तो जवळजवळ डोक्यावर येतो आणि वरच्या मजल्याचा स्लॅबच सावली धरतो. म्हणजे हिवाळी भाजीसाठी दक्षिणेची बाल्कनी फार चांगली, आणि उन्हाळ्यात तीच सौम्य. उत्तरेच्या बाल्कनीत थंडीत थेट ऊन येतच नाही. पश्चिमेची सगळ्यात अवघड, कारण एप्रिल-मेमधलं दुपारचं ऊन कुंडीची बाजू तापवतं आणि मुळं भाजून निघतात. नवशिक्यासाठी पूर्वेची बाल्कनी उत्तम.

तपासा : जूनमध्ये केलेली नोंद नोव्हेंबरात चालत नाही. दोन्ही हंगामांत एकेकदा ऊन मोजा.

## टप्पा २ : जागा, वजन आणि खालचा मजला

ओली माती भरलेली १२ इंची कुंडी वीस किलोच्या घरात जाते. अशा दहा कुंड्या म्हणजे दोन क्विंटल. जड कुंड्या घराच्या भिंतीलगत ठेवा, कठड्याच्या बाजूला हलक्या. कठड्याच्या वर मोकळी कुंडी ठेवायची नाही, मग ती कितीही सुरेख दिसो. पावसाळ्याआधी आंधी सुटते तेव्हा ती खाली कोणाच्या डोक्यावर पडेल याचा नेम नसतो. रेलिंगला अडकवायचीच असेल तर आठ इंचांपर्यंतची, आतल्या बाजूने, आणि तारेने पक्की बांधून.

कुंड्या थेट फरशीवर टेकवू नका. विटेचे तुकडे किंवा लोखंडी स्टँड घालून दोन इंच उचला, म्हणजे खालून हवा खेळते, फरशीवर डाग पडत नाहीत आणि झाडू फिरतो. पाणी जायची जाळी कुंडीने झाकू नका. ती मातीने तुंबली की पाणी स्लॅबमध्ये मुरतं आणि खालच्या घराच्या छताला ओल येते. बाल्कनीतल्या बागा उन्हाने जेवढ्या मोडत नाहीत तेवढ्या रहवासी संघाच्या तक्रारींनी मोडतात. खालच्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर मातकट पाणी टपकलं की पुढचा संवाद तुम्हाला माहीतच आहे. प्रत्येक कुंडीखाली ताटली हवीच.

कबुतरं येत असतील तर जाळी आत्ताच लावून घ्या. कोवळी रोपं उपटायला त्यांना एक सकाळ पुरते.

## टप्पा ३ : कुंडी, पण पिकाच्या मापाची

मेथी, कोथिंबीर, पालक यांना खोली सहा-आठ इंच पुरते, पण पसरट जागा हवी. लांबट ट्रे किंवा फळांचा प्लास्टिक क्रेट आतून जाळीदार कापड लावून चालतो. मिरची, झेंडू आणि सदाफुलीला १० ते १२ इंच. टोमॅटो, वांगं, गुलाब आणि मोगऱ्याला १२ ते १५ इंच, आणि एका कुंडीत एकच झाड. दुधी, दोडका, कारलं यांना १८ इंचांहून लहान भांडं देऊ नका. रंगाची वीस लिटरची रिकामी बादली स्वच्छ धुऊन, तळाला बोटाएवढी पाच-सहा भोकं पाडून घेतली की टोमॅटोला झकास होते.

मातीची कुंडी छान श्वास घेते, पण इथल्या कोरड्या मे महिन्यात फार लवकर सुकते. काळं प्लास्टिक उन्हात फार तापतं. सिमेंटची कुंडी बाल्कनीत नकोच. फिकट रंगाचं जाड प्लास्टिक किंवा ग्रो बॅग सगळ्यांत सोयीची.

तळाला खडीचा जाड थर घालायची पद्धत सोडून द्या. त्याने निचरा सुधारत नाही, उलट ओली राहणारी माती मुळांच्या आणखी जवळ येते आणि मातीची जागाही कमी होते. भोकावर एक खापरी किंवा जाळीचा तुकडा ठेवला की झालं.

## टप्पा ४ : माती

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. माळव्याची काळी माती शेतात सोन्यासारखी, कुंडीत मात्र वैरीण. ती भिजली की फुगते, चिकट होते, हवा कोंडते. सुकली की आकसते, भेगा पडतात आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ ताटलीत येतं. तुम्हाला वाटतं भरपूर पाणी झालं, आणि मधला मुळांचा गड्डा कोरडा ठणठणीत. गावाकडून पोतंभर काळी माती आणून ती तशीच कुंडीत भरणारे दर वर्षी भेटतात.

तिला टाकून द्यायचं कारण नाही, तिच्यात ओल आणि अन्न धरून ठेवायची ताकद आहे. फक्त प्रमाणात घ्या. घमेल्याने मोजा :

१. वाळवून, फोडून, चाळलेली काळी माती : एक घमेलं. नर्सरीतली लाल किंवा पिवळसर हलकी माती मिळाली तर दीड.
२. पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत : एक घमेलं.
३. भिजवून धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) : एक घमेलं.
४. बांधकामाच्या वाळूतले चाळून काढलेले जाड कण : अर्धं घमेलं. बारीक वाळू घालू नका, ती काळ्या मातीत मिसळून घट्ट बसते.
५. निंबोळी पेंड : १२ इंची कुंडीमागे एक मूठ.

कोकोपीटची वीट पाण्यात फुगवून लगेच वापरू नका. तिच्यात क्षार असतात. फुगल्यावर दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन, पिळून मग मिसळा. पाच किलोची वीट फुगून साठ लिटरच्या वर जाते, म्हणून छोट्या बाल्कनीला एक वीट बराच काळ पुरते.

शेणखताला शेणाचा वास येत असेल तर ते कच्चं आहे. कच्चं खत कुंडीत कुजताना तापतं आणि मुळं जाळतं. तयार खत काळपट, भुसभुशीत असतं आणि पहिल्या पावसातल्या जमिनीसारखा वास देतं.

घरच्या ओल्या कचऱ्याचं खत करणार असाल तर एक गोष्ट सांगून ठेवते. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२०च्या दशकात याच शहरात बसवलेली आणि जगभर "इंदूर पद्धत" म्हणून माहीत असलेली रीत ढिगाची आहे, बाल्कनीत ती जमत नाही. इथे झाकणाची, भोकं पाडलेली बादली घ्या, भाजीच्या सालींवर तेवढाच वाळला पाला किंवा कोकोपीट पसरा, आठवड्यातून एकदा हलवा. शिजलेलं अन्न आणि ताक-दही आत टाकायचं नाही. वास आला तर कोरडं कमी पडलंय. दोन-तीन महिने लागतात. एवढी उस्तवार नको असेल तर ओला कचरा सरळ गाडीत द्या आणि खत विकत आणा.

तपासा : मिश्रण ओलं करून मूठ आवळा. गोळा व्हायला हवा आणि बोटाने टोचल्यावर फुटायला हवा. नाही फुटला तर कोकोपीट आणि वाळू वाढवा. मग कुंडी भरा, वर दोन इंच मोकळे ठेवा आणि मगभर पाणी ओता. पाणी वरच तुंबून राहिलं तर कुंडी रिकामी करून पुन्हा मिसळा. आता आळस केलात तर पुढे पाच महिने भोगाल.

भरलेल्या कुंड्या हलक्या भिजवून आठवडाभर तशाच राहू द्या. माती खाली बसते, मग वरून थोडी भर घाला.

## टप्पा ५ : महिना निवडा

पहिलीच वेळ असेल तर सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात सुरुवात करा. पाऊस ओसरलेला, ऊन बेताचं, पुढे चार महिने थंडी. याहून सोपा काळ इंदुरात नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबर : मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, मटार पेरा. टोमॅटो आणि मिरचीची रोपं लावा. पेटुनिया, डायान्थस, फ्लॉक्स यांची कळीही न आलेली लहान रोपं आत्ता आणा, फेब्रुवारीत नव्हे. गुलाबाची छाटणी ऑक्टोबरात केली की दीड-दोन महिन्यांत फुलं येतात.

फेब्रुवारीचा मध्य ते मार्च : भेंडी, गवार, चवळी, काकडी. फुलांत सदाफुली, चिनी गुलाब आणि मोगरा. मोगऱ्याची छाटणी जानेवारीअखेर उरकलेली हवी.

एप्रिल-मे : नवीन काही लावू नका. पारा चाळिशीपार जातो, तेव्हा आहे ते जगवणं हेच काम. टोमॅटोला पस्तीस अंशांच्या वर फूल आलं तरी ते गळतं, खत वाढवून काही होत नाही.

जून-जुलै : दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर भेंडी, दोडका, कारलं, वांगं. दसऱ्याला तोरण घरच्या झेंडूचं हवं असेल तर दसऱ्याच्या अडीच-तीन महिने आधी बी पेरा. नवरात्रात नर्सरीतून आणलेल्या रोपाला तोरणापुरती फुलं येत नाहीत.

शेवंती दिवस लहान झाले की कळ्या धरते. बाल्कनीतला दिवा रात्री उशिरापर्यंत तिच्यावर पडत राहिला तर तिला रात्र लहान वाटते आणि कळ्या लांबतात. संध्याकाळनंतर ती अंधाऱ्या बाजूला सरकवा.

पहिल्या हंगामात पाच-सहा कुंड्यांच्या वर जाऊ नका : एक ट्रे मेथी, एक कोथिंबीर, एक मिरची, एक चेरी टोमॅटो, झेंडू आणि सदाफुली. बाकी हौस पुढच्या वर्षी.

## टप्पा ६ : पेरणी आणि लावणी

बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल, त्याहून नाही. कोथिंबीर उगवत नाही ही तक्रार बहुधा अख्खा धणा पेरल्यामुळे. धणा लाटण्याने हलका दाबून दोन डाळींत फोडा, रात्रभर भिजवा, मग पेरा. आठ ते बारा दिवस लागतात, पाचव्या दिवशी उकरून बघू नका. स्वयंपाकघरातले मेथीदाणे तीन-चार दिवसांत उगवतात आणि महिन्याभरात भाजी होते. पोह्यांवर पेरण्यापुरती कोथिंबीर रोज हवी असेल तर एकच मोठा ट्रे भरू नका, दर पंधरा दिवसांनी छोटा पट्टा पेरत राहा.

बाजारातल्या टोमॅटोचं बी काढून लावण्यात मजा नाही. ते बहुतेक संकरित असतात, पुढची पिढी तशीच निघेल याची खात्री नसते. पाकीट घ्या, त्यावरची मुदत वाचा. रंगीत लेप दिलेलं बी हाताळल्यावर हात धुवा.

रोपं नर्सरीतून घेताना फुललेलं सोडून बुटकं, दाट पानांचं उचला. पानं उलटी करून बघा. पांढरी कापसासारखी पूड किंवा चिकटपणा दिसला तर त्या रांगेतलं काहीच घेऊ नका. घरी आणल्याबरोबर कुंडी बदलू नका. चार-पाच दिवस सावलीत ठेवा, मग संध्याकाळी लावा. नर्सरीवाले मुळांभोवती काळ्या चिकणमातीचा घट्ट गोळा करून देतात, तो तसाच लावला तर मुळं त्यातच अडकतात. बादलीतल्या पाण्यात बुडवून कडेची माती हलक्या हाताने सोडवा.

टोमॅटोचं रोप खालची पानं काढून खोडासकट खोल पुरा, खोडाला नवी मुळं फुटतात. बाकी रोपं पूर्वीच्याच पातळीला.

सावधान : टोमॅटोची काठी लावणीच्या दिवशीच रोवा. महिन्याने रोवलीत तर मुळं तुटतील.

## टप्पा ७ : पाणी

तहानेने मरणाऱ्या कुंड्यांपेक्षा पाण्याने मरणाऱ्या कुंड्या जास्त. तुळशीचं उदाहरण घ्या. सकाळी आजी पूजेचा तांब्या घालतात, सूनबाई जाता जाता एक ग्लास, संध्याकाळी मुलगा कौतुकाने पाइप धरतो. पानं पिवळी पडली की सगळ्यांना वाटतं पाणी कमी पडलं आणि आणखी एक तांब्या जातो. घरात पाण्याचं काम एकाच माणसाकडे द्या. पूजेला पळीभर पाणी चालतं.

बोट दोन पेरं मातीत खुपसा. ओल लागली तर पाणी नाही. कोरडं लागलं तर खालून थेंब येईपर्यंत द्या. वरवर शिंपडल्याने मुळं वरच राहतात. थंडीत १२ इंची कुंडीला दोन-तीन दिवसांआड पुरतं, मेमध्ये रोज, छोट्या कुंड्यांना दोनदा. पाणी सकाळी द्या.

दुपारी पान लोंबलं आणि माती ओली असेल तर ती तहान नव्हे, उन्हाचा ताण आहे. संध्याकाळी आपोआप सावरतं. खालची पानं पिवळी आणि माती ओली म्हणजे पाणी जास्त. माती कडेने सुटली असेल तर कुंडी पाण्याच्या बादलीत बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा.

आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालणं हा काटकसरीचा चुकीचा प्रकार. त्यात क्षार मूळ पाण्याहून जास्त असतात, त्यातून घरात बोरिंगचं पाणी असेल तर विचारूच नका. ते फरशी पुसायला वापरा. मातीवर पांढरा थर दिसू लागला की तो खरवडा आणि साध्या पाण्याने कुंडी एकदा भरपूर धुऊन काढा.

पावसाळ्यात ताटल्या काढून ठेवा, त्यात डास होतात. पुण्याला आठवडाभर जायचं असेल तर कुंड्या सावलीत एकमेकींना खेटून ठेवा, मातीवर वाळल्या पानांचा थर द्या आणि निघताना पोटभर पाणी.

## टप्पा ८ : खत आणि फळधारणा

लावणीनंतर तीन-चार आठवडे खत नको, मिश्रणात पुरेसं आहे. मग दर पंधरा-वीस दिवसांनी कडेने माती उकरून गांडूळखताची एक-दोन मुठी. फार खत दिलं की टोमॅटो हिरवागार होतो आणि फुलायचं विसरतो. मोहरीच्या खलीचं, म्हणजे पेंडीचं, पाणी चांगलं असतं, पण तीन-चार दिवस भिजवलेल्या खलीचा वास शेजारी विसरत नाहीत. दहापट पातळ करून, अगदी सकाळी द्या.

टोमॅटो, मिरचीची फुलं सकाळी दहाच्या सुमाराला टिचकीने हलवा, परागकण झडतात. वेलभाज्यांत नर आणि मादी फुलं वेगळी. मादी फुलामागे इवलंसं फळ असतं. वरच्या मजल्यांवर मधमाश्या कमी येतात, तेव्हा नर फूल तोडून मादी फुलावर टेकवा. काकडी, कारल्याचं हे काम सकाळी. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, त्यांना सकाळी हात लावून उपयोग नाही.

टोमॅटोच्या फळाचा बुडखा काळा पडून बसला तर तो बहुधा रोग नसतो. एक दिवस कोरडं, एक दिवस लोंढा अशा पाण्याने कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. अंड्याची टरफलं खोचून लगेच फरक पडत नाही, पाणी नेमाने द्या.

## टप्पा ९ : कीड

आठवड्यातून एकदा पानं उलटी करून बघा, यातच अर्धी लढाई संपते. जास्वंदीवर पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण, कोवळ्या शेंड्यांवर हिरवे-काळे ठिपके म्हणजे मावा, उन्हाळ्यात पानाखाली बारीक जाळं म्हणजे कोळी. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. तरी राहिले तर एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि भांड्यांच्या साबणाचे थोडे थेंब घुसळून, ऊन उतरल्यावर पानांच्या खालून फवारा. सात दिवसांनी पुन्हा. भर दुपारी फवारलंत तर पानं करपतात. फवारल्यावर पालेभाजी चार-पाच दिवस काढू नका आणि काढल्यावर नीट धुवा.

## टप्पा १० : हंगाम संपल्यावर

मार्चअखेर टोमॅटो दमला की उपटून टाका, त्याला मेपर्यंत ओढत नेण्यात पाणी वाया जातं. जुनी माती फेकू नका. मुळं वेचा, पारदर्शक प्लास्टिकवर पातळ पसरा, हलकी भिजवा, वरून आणखी एक पारदर्शक प्लास्टिक घालून कडा दाबा आणि मेच्या उन्हात तीन-चार आठवडे तापू द्या. जागा नसेल तर पारदर्शक पिशव्यांत भरून गच्चीवर. मग तिच्यात एक तृतीयांश नवं खत, थोडं कोकोपीट आणि निंबोळी पेंड मिसळून ठेवा. ज्या कुंडीत टोमॅटो होता तिच्यात लगेच मिरची किंवा वांगं नको, तिघं एकाच कुळातली आहेत आणि रोगही तेच. तिथे जूनमध्ये भेंडी किंवा चवळी टाका.